मेडल मिळालंय ना, मग?

निकाल त्याच रात्री मोबाइलवर आला. यादीत माझ्या नावापुढे पोहण्याची वेळ होती, सायकलची होती, धावण्याचीही होती. एकूण वेळेच्या रकान्यात मात्र ‘डीक्यू’ एवढंच. म्हणजे अपात्र. तिन्ही टप्पे मी पूर्ण केले, घोट्याला बांधलेल्या चिपने प्रत्येक मॅटवर माझी नोंद घेतली, शेवटच्या रेषेवर एका मुलीने माझ्या गळ्यात मेडल घातलं, आणि तरी मी त्या स्पर्धेत धरलेच गेले नाही. याला आता बरेच महिने झाले. घरचे म्हणतात, सोड आता तो विषय. सुटत नाही, म्हणून लिहायला बसले.

मिरजेत आमचं औषधांचं दुकान आहे. दिवसभर काउंटरमागे उभं राहायचं, नाहीतर बसायचं. चाळिशी उलटल्यावर साखर काठावर आली तेव्हा चालायला लागले, चालता चालता पळायला लागले. सायकल शाळेपासून येत होती. पुतणीने एक दिवस फॉर्म समोर ठेवला, “काकू, स्प्रिंट ट्रायथलॉन. 750 मीटर पोहायचं, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर पळायचं. दोन गोष्टी तुला येतातच.” तिसरी येत नव्हती.

कृष्णाकाठच्या माणसाला पोहता येत नाही हे सांगायची सोय नाही. पण ते पुरुषांचं. आमच्या गावाकडे पोरगा सात-आठ वर्षांचा झाला की पाठीला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून त्याला विहिरीत ढकलतात, सुट्टी संपेपर्यंत तो सूर मारायला लागतो. पोरी काठावर कपडे सांभाळायच्या. सांगलीच्या घाटावर आजही पहाटे पुरुषांची पोहायला गर्दी असते. मगरींच्या बातम्या येतात तेवढे दिवस ती कमी होते, पुन्हा भरते. तिथे बाई उतरली तर मगरीपेक्षा तिच्याकडेच लोक जास्त बघतील. उरला तरणतलाव. तिथली महिलांची बॅच भर दुपारची, नेमकी दुकानात माल यायच्या वेळेची. तेव्हा दुकानात दीर बसले आणि मी पोहायला शिकले. हे मी भरभर सांगतेय, पण या एका वाक्यात एक अख्खा उन्हाळा आहे आणि घरातली बरीच बोलणी आहेत.

शिकवणाऱ्या बाईंनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. दम लागतो तो हवा कमी पडते म्हणून नाही, आतली हवा बाहेर सोडत नाही म्हणून. श्वास पाण्यात सोडा, डोकं वर आल्यावर फक्त घ्या. तलावात पंचवीस मीटरवर भिंत असते, तिला हात लागला की हे जमतं. तळाला काळी पट्टी असते, ती धरून सरळ जाता येतं.

स्पर्धेच्या जागेचं नाव लिहीत नाही. दक्षिण महाराष्ट्रातला एक मोठा तलाव, थंडीचे दिवस, पाण्यावर धुकं, काठावर दोन-अडीचशे माणसं एकसारख्या रंगाच्या टोप्या घालून उभी. त्याआधी तांत्रिक अधिकाऱ्यांनी नियम सांगितले, अर्धे इंग्रजीत, अर्धे हिंदीत. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. सायकल स्टँडवर अडकवल्याशिवाय तो काढायचा नाही. सायकलवर पुढच्याच्या मागे चिकटून वारा अडवून घ्यायचा नाही, अंतर ठेवायचं. पोहताना कुठलीही पद्धत चालेल. दम लागला तर बोया किंवा उभी होडी धरून थांबता येईल, मात्र तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. हात वर करून मदत मागितली आणि बाहेर काढलं, तर तिथे स्पर्धा संपली. हे सगळं आयोजकांनीच पाठवलेल्या नियमावलीतही होतं. मी ती दुकानात बसून ओळ न् ओळ वाचली होती, औषधाच्या डब्यातला कागद वाचावा तशी.

हे सांगणं चाललं होतं तेव्हा होडीवाले तिथे नव्हते. ते पाण्यात बोया लावत होते. या एका गोष्टीचं महत्त्व मला फार नंतर कळलं.

उतरले. पहिल्या काही मिनिटांतच कोणाची तरी टाच माझ्या गॉगलला लागली आणि डाव्या डोळ्यात पाणी गेलं. खाली बघितलं तर तळ नाही, पट्टी नाही, हिरवट काळोख आणि मधूनच पायाला लागणारं शेवाळ. मान वर काढून बोया शोधायचा, तोवर दिशा चुकलेली. पहिल्या बोयाला वळसा घातला आणि छाती आवळली. श्वास आत जाईना. आत जाईना म्हणजे आधीचा बाहेर येत नव्हता, हे डोक्याला माहीत होतं, छातीला नव्हतं. चार हातांवर एक पिवळी कयाक उभी होती. मी हात वर केला नाही, हाक मारली नाही. पोहत गेले आणि तिचं पुढचं टोक धरलं.

वर नारिंगी जॅकेट घातलेला वीस-बावीस वर्षांचा पोरगा होता. तो एकदम ओरडला, “मावशी, सोडा! हात लावायचा न्हाई.”

“चालतं नियमात,” मी म्हटलं. “दम घेतेय फक्त. तू होडी हलवू नको.”

“आवो, हात लावलासा म्हंजे बाद झालासा. चढा वर, काठाला सोडतो.”

“मी वर येणार नाही.”

“ऐका की ओ मावशी, बुडलासा म्हंजे?”

त्याने वाकून माझं मनगट धरलं. मी दुसऱ्या हाताने त्याची पकड सोडवायला लागले. पाण्यात उभं राहायला जमीन नाही, धाप लागलेली, आणि मी नियम समजावतेय. होडी पुढे गेली नाही ना? मग मी बाद कशी? तो म्हणाला, आम्हाला असंच सांगितलंय. कोणी सांगितलंय? साहेबांनी. आजूबाजूने माणसं हात मारत पुढे चालली होती. मग त्याने माझ्या दंडावर मार्करने लिहिलेला नंबर वाचला आणि पलीकडच्या होडीला मोठ्याने हाक दिली, “लिवून घे रं! ही बाई बाद!”

तलावावर आवाज लांब जातो. काठावर उभ्या असलेल्या पुतणीलाही तो ऐकू गेला.

एक गोष्ट मात्र तेव्हा घडली, तिचं मला आजही नवल वाटतं. भांडता भांडता माझा श्वास परत आला होता. बोलायचं म्हणजे हवा बाहेर सोडावीच लागते. तरणतलावावर महिनोन्महिने जे शिकवलं होतं ते त्या वादाने करून दाखवलं. मनगट सोडवलं, होडीला लाथ लागू दिली नाही आणि मागे न बघता पुढच्या बोयाकडे निघाले. राहिलेलं अंतर डोकं वर ठेवून, ब्रेस्टस्ट्रोकने. मागून तो काहीतरी म्हणत होता. मी बाहेर आले तेव्हा मॅटवर चिप वाजली, घड्याळवाल्याने नंबर पाहिला, कोणीही अडवलं नाही. म्हणजे मिटलं, असं मी धरून चालले.

पुढचं सांगण्यासारखं थोडंच आहे. आधी हेल्मेट, त्याचा पट्टा, मग सायकल. पायाला चिकटलेल्या वाळूवरच मोजे चढवले. रस्ता ठरावीक वेळेपर्यंत बंद होता, पण साखर कारखान्याचा हंगाम असल्याने कडेला उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, आणि रस्त्यावर सांडलेली कांडं चुकवत जायचं. मला मागे टाकून सात-आठ पुरुषांचं टोळकं गेलं, चाकाला चाक लावून, एकमेकांच्या आडोशाने. पंचांची मोटारसायकल त्यांच्या शेजारूनच जात होती. नियम तिथेही होता. सायकलवरून उतरून पळायला लागले तेव्हा मांड्या माझ्या नव्हत्याच. पहिला किलोमीटर पाय कुठे पडतोय ते कळत नव्हतं, तिसऱ्यानंतर जरा सूर सापडला. शेवटच्या वळणावर पुतणी शेजारून पळत आली, “काकू, आहेस, वेळेत आहेस!” मेडल, केळं, फोटो. दुपारी मिसळ खाऊन आम्ही घरी.

आणि रात्री ‘डीक्यू’.

दुसऱ्या दिवशी फोन केला. नियमावलीतलं कलम फोटो काढून पाठवलं. फोनवरच्या गृहस्थांनी वाचलं आणि म्हणाले, “तुमचं बरोबर आहे, ताई. होडी धरता येते.” मला वाटलं आता काम झालं. ते पुढे म्हणाले, “पण होडीवरून रिपोर्ट आला होता. निकालावर हरकत घ्यायची मुदत स्पर्धा संपल्यावर अर्ध्या तासाची असते.” मी म्हटलं, निकाल रात्री आला, हरकत दुपारी कशावर घ्यायची? ते थोडं थांबले. मग अगदी प्रेमाने, समजूत घालावी तसं म्हणाले, “मेडल मिळालंय ना ताई, मग? तुम्ही काय पोडियमवर नव्हता. हौसेसाठी आला होतात, हौस झाली.”

त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला कळतं. म्हणूनच ते जास्त लागतं. ओरडला असता तर भांडता आलं असतं. तिसऱ्या क्रमांकावर आलेल्या एखाद्याचा हाच वाद असता तर नियमावली उघडली गेली असती, होडीवाल्याला बोलावलं असतं, चिपच्या नोंदी पाहिल्या असत्या. शेवटून दहावी आलेली बाई, तिच्या निकालाने कोणाचं काय बिघडतं? माझं बिघडतं. स्पर्धेआधी मी सगळ्यांना सांगत होते की वेळ महत्त्वाची नाही, पूर्ण करायची एवढंच. मनापासून सांगत होते. यादी उघडली आणि पहिल्यांदा वेळच शोधली. तेव्हा ते खरं नव्हतं.

आणि हौस हा शब्द कमीपणाचा कधीपासून झाला? हा खेळच हौशी माणसांनी काढला. सप्टेंबर 1974 मध्ये अमेरिकेत सान दिएगोच्या मिशन बेवर तिथल्या पळणाऱ्यांच्या क्लबने संध्याकाळी एक शर्यत घेतली, 46 जण आले. त्यात पोहणं शेवटी होतं, अंधार पडला, आणि मागे राहिलेल्यांना काठ दिसावा म्हणून मोटारींचे दिवे पाण्याकडे लावले, असं तेव्हाचे लोक सांगतात. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आला 2000 साली, सिडनीत. आपल्याकडे 2019 मध्ये गोव्यात मिरामारला मोठ्या अंतराची स्पर्धा झाली, तेव्हापासून महाराष्ट्रातून तिकडे जाणाऱ्यांची रीघ आहे, आणि त्यांतले बहुतेक नोकरी-धंदा सांभाळूनच जातात. सगळे हौशीच.

होडीवरच्या त्या पोराचा मला फार राग होता. बरेच दिवस त्याचा आवाज कानात होता. मग पुतणीने तिथल्या ओळखीतून काढलं की तो भोयाच्या घरचा, त्याच तलावात मासे धरणारा, दिवसाच्या मजुरीवर बोलावलेला. त्याला नियम कोणी वाचून दाखवलाच नव्हता. कोणी होडी धरली की बाहेर काढा, एवढं सांगितलं होतं. आमच्या भागात 2019 च्या महापुरात ब्रह्मनाळला होडी उलटून माणसं गेली. पाण्यातल्या माणसाने होडी धरली म्हणजे काय, हे आमच्याकडे होडीवाल्याला वेगळं सांगावं लागत नाही. तो मला वाचवायला निघाला होता. हे सगळं पटतं. पटूनही, ‘ही बाई बाद’ आठवलं की अजून कान तापतात. दोन्ही खरं आहे, मी काय करू?

पहिल्यांदा उतरणाऱ्या बायकांना सांगते, नियमावली वाचा, सगळी वाचा. होडी धरायची वेळ आली तर बिनधास्त धरा, हात वर न करता धरा, आणि धरल्या धरल्या बोलायला लागा. श्वास येतो. संपल्यावर निकाल लागेपर्यंत जागा सोडू नका, लागला नसेल तर लेखी विचारून ठेवा. आणि घरातल्या मुलींना विहिरीत, तलावात, जिथे सोय असेल तिथे मुलांबरोबरच पोहायला घाला, चाळिशीची वाट बघू नका.

आयोजकांना एकच विनंती. होडीवाल्यांना आदल्या दिवशी काठावर बसवा, चहा द्या आणि पाण्यातले नियम त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. होडी धरणं वेगळं आणि मदत मागणं वेगळं, एवढं कळलं तरी पुरे. कोणाला बाद केलं तर त्याला त्याच दिवशी, जागेवर, कारणासह सांगा. नावनोंदणीचे पैसे पहिल्याकडून आणि शेवटच्याकडून सारखेच घेता, निकालही दोघांचा सारख्याच काळजीने लावा.