किनाऱ्याला आधी विचारावे

मे महिन्याच्या सुटीत दक्षिणेच्या किनाऱ्याने सहल काढावी, ही सूचना आमची नव्हे. सूचना करणारा आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंबवत्सल गृहस्थ. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर तो चर्चच्या ओट्यावर थांबला आणि म्हणाला, "फादर, या वर्षी कुटुंबांना घेऊन दर्याकाठाने जाऊ या. वसईहून निघायचं आणि वेलांकनीच्या मातेपाशी थांबायचं. माझी मुलगी दहा वर्षांची झाली, तिनं अजून गुडघाभर पाण्यातही पाय घातला नाही."

आम्ही काही क्षण निरुत्तर झालो. त्याच्या मुलीने पाण्यात पाय का घातला नाही, हे त्याला ठाऊक होते आणि आम्हालाही ठाऊक होते.

सन २००१ ची गोष्ट. गुरुदीक्षा होऊन फार दिवस झाले नव्हते. याच धर्मग्रामात आम्ही सहायक धर्मगुरू होतो. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना घेऊन आम्ही कोकणातील एका समुद्रकिनारी गेलो. वाळू स्वच्छ, पाणी शांत, मुले उत्साहात. किनाऱ्यावर दोन कोळी जाळे विणत बसले होते. त्यांच्याशी चार शब्द बोलावे, एवढेही आम्हाला सुचले नाही. ओहोटी लागली आणि आमच्या डोळ्यांदेखत बारा वर्षांचा एक मुलगा पाण्याबरोबर आत ओढला गेला. आमच्या हाती जपमाळ होती, दोर नव्हता. ते दोघे कोळी जाळे टाकून धावले, पाण्यात शिरले आणि त्यांनी त्या मुलाला केसांना धरून बाहेर आणले. त्यांच्यातील वयस्क माणूस धापा टाकीत आम्हाला एवढेच म्हणाला, "आलात तेव्हा विचारलं का नाही?"

त्यानंतर आम्ही कोणत्याही मुलाला समुद्रावर नेले नाही. पुढे बदल्या होत गेल्या. डोंगरावरची देवालये झाली, म्हैसूर झाले, उटी झाले. समुद्र मात्र आम्ही टाळला. गेल्या वर्षी बदली होऊन आम्ही पुन्हा येथे आलो, आणि तो मुलगा आता गृहस्थ होऊन आमच्यापुढे उभा होता. त्याने जुनी गोष्ट काढली नाही. त्याची भीती मुलीच्या वाट्याला जाऊ नये, एवढेच त्याचे मागणे होते. आमची भीती धर्मग्रामातल्या किती मुलांच्या वाट्याला गेली असेल, हा विचार त्या रात्री आमच्या मनातून जाईना.

आम्ही होकार दिला आणि नियोजनास लागलो. प्रथम दोन याद्या तयार झाल्या. आमच्या यादीत केवळ चर्चेस होती, युवकांच्या यादीत केवळ किनारे. दोन्ही याद्या आम्ही आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध नाखव्यांना दाखविल्या. त्यांनी चष्मा पुसून त्या सावकाश वाचल्या आणि म्हणाले, "फादर, तुमच्या यादीत देव हाय, पोरांच्या यादीत वाळू हाय. माणसं कुठं हायेत? किनारा म्हंजे कुणाचं तरी आंगण असतंय." बोंबील वाळत घातलेल्या आमच्याच किनाऱ्यावर शहरातून येणारे लोक जाळ्यांवर पाय देऊन जातात, तेव्हा नाखव्यांना काय वाटत असेल, हे आम्हाला त्या वेळी कळले. आम्ही दोन्ही याद्या बाजूला ठेवल्या आणि नकाशा पसरला.

मार्ग सोपा आहे. घोडबंदरवरून ठाणे, तेथून पनवेल, आणि पनवेलपासून थेट कन्याकुमारीपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ६६. जुनी मंडळी त्याचा बराच भाग अद्याप सतरा नंबरचा रस्ता म्हणूनच ओळखतात. परंतु नकाशावर बोट फिरवू लागलो आणि ठाण्यावरच बोट थांबले. वाचकहो, या रस्त्याने जाण्याचा बेत आपल्याआधी सातशे वर्षांपूर्वी काही जणांनी केला होता. तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि देमेत्रियुस हे चार फ्रान्सिस्कन, आणि त्यांच्यासोबत जॉर्डन कातालानी हे डोमिनिकन. त्यांना जायचे होते कोल्लमला. जहाजाने त्यांना आणले ठाण्यास. एप्रिल १३२१ मध्ये तेथे चौघांना हौतात्म्य आले. जॉर्डन त्या वेळी दूर होते म्हणून वाचले, आणि त्यांनी आपल्या सोबत्यांचे देह आपल्या शेजारच्या सोपाऱ्यास आणून पुरले. पुढे १३२९ मध्ये पोप जॉन बाविसावे यांनी कोल्लम हा भारतातील पहिला धर्मप्रांत स्थापिला आणि त्याचे पहिले महागुरू म्हणून याच जॉर्डन यांची नेमणूक केली. सोपारा ते कोल्लम हे अंतर आज रस्त्याने सुमारे दीड हजार किलोमीटर. चौघांचा अपुरा राहिलेला हा प्रवास आपली मुले थंड पाण्याच्या बाटल्या घेऊन पुरा करतील. कोल्लमला मुक्काम करावयाचा हे त्याच क्षणी ठरले, आणि ती संध्याकाळची मिस्सा त्या चौघांच्या स्मरणार्थ होईल, हेही ठरले.

मग इतर मुक्काम आपोआप जुळत गेले. पहिला मुक्काम गोव्यात, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पायाशी. पुढे कर्नाटकात मरवंते येथे एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला सौपर्णिका नदी, मधून महामार्ग. तेथे गाडी थांबवावीच लागते. मंगळुरूला संत अलॉयशियस चॅपेलमध्ये इटालियन येशूसंघीय बंधू अंतोनियो मोस्केनी यांनी १८९९ पासून सुमारे दोन वर्षांत भिंती आणि छत चित्रांनी भरून टाकले. त्यांचेच काम पुढे फोर्ट कोचीच्या सांताक्रूझ बॅसिलिकामध्येही पाहावयास मिळते, आणि कोचीलाच १९०५ मध्ये त्यांचा अंत झाला. मंगळुरू आणि कोची यांच्या दरम्यान कण्णूरजवळचा मुळप्पिलंगाड किनारा आहे. तेथे वाळू इतकी घट्ट की सुमारे चार किलोमीटर वाहन चालविता येते. युवकांनी त्या नावाखाली दोन रेघा ओढल्या. आम्हीही त्या खोडल्या नाहीत.

तिरुवनंतपुरमजवळ तुंबा आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी डॉ. विक्रम साराभाई यांना अग्निबाण सोडण्यासाठी जागा हवी होती, आणि पसंत पडलेल्या जागेवर संत मेरी मॅग्दलेनचे चर्च व मच्छीमारांची घरे होती. साराभाई महागुरू पीटर बर्नार्ड परेरा यांच्याकडे गेले. महागुरूंनी स्वतः होकार दिला नाही; त्यांनी रविवारी मिस्सेच्या वेळी तो प्रश्न लोकांपुढे ठेवला, असे सांगतात. लोकांनी मान्यता दिली, घरे सोडली, दुसरीकडे वसले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण आकाशात गेला. ते चर्च आज अंतराळ संग्रहालय आहे. आपल्या मुलांना तेथे अग्निबाणांच्या प्रतिकृती आवडतील. आम्हाला मात्र त्या रविवारचा प्रश्न मोलाचा वाटतो. देशाचे काम होते, तरीही किनाऱ्याला आधी विचारले गेले. आम्ही तर केवळ सुटीवर निघालो होतो.

त्याच शहराच्या किनाऱ्यावर पून्तुरा आणि विळिंजम ही मच्छीमारांची गावे आहेत. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी वादळ आले, तेव्हा येथल्या कित्येक घरांतील माणसे परतलीच नाहीत. आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये केरळ पुरात बुडाला, तेव्हा केरळच्या मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवून आतल्या गावांत नेल्या आणि हजारो अनोळखी लोकांना वाचविले. ज्यांच्या घरचे शोकाचे वर्षही पुरते उलटले नव्हते, तेही त्यांत होते. आम्हाला २००१ मधले ते दोघे आठवले. जाळे टाकून धावणे हा या लोकांचा स्वभावच असावा.

पुढे कन्याकुमारी. जवळच कोट्टार येथे संत देवसहायम यांची समाधी. १७५२ मध्ये गोळ्या घालून ठार केलेले हे गृहस्थाश्रमी भारतीय १५ मे २०२२ रोजी संतपदी पोहोचले. नंतर मणप्पाड: वाळूच्या टेकडीवर पवित्र क्रुसाचे चर्च आणि तिच्या पोटात, समुद्राच्या तोंडाशी, संत झेवियर राहिले ती गुहा. १५४२ मध्ये गोव्यास उतरल्यावर काही महिन्यांतच ते या मोती काढणाऱ्या पारव लोकांत आले. त्यांची भाषा येत नव्हती, म्हणून त्यांनी लोकांच्या मदतीने प्रार्थना तमिळमध्ये उतरवून घेतल्या आणि पाठ केल्या. त्यांनाही आधी विचारावेच लागले. तेथून तूत्तुकुडीच्या हिममातेचे दर्शन घेऊन वेलांकनी.

आता तारखा. नैऋत्य मोसमी पाऊस साधारणतः १ जूनला केरळात उतरतो; म्हणून मेच्या पहिल्या पंधरवड्यातच परतावयाचे. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून यंत्रहोड्यांना मासेमारीची बंदी असते. म्हणजे तमिळ मच्छीमार त्या दिवसांत घरी भेटतील, परंतु त्यांची ती मिळकतीवाचूनची वेळ असेल, हेही ध्यानात ठेवावयाचे. आणखी एक गोष्ट आम्ही या नियोजनात शिकलो. केरळात 'कल्लक्कडल' असा शब्द आहे. कल्लन म्हणजे चोर, कडल म्हणजे समुद्र. विशेषतः एप्रिल-मेमध्ये, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असताना, दूर दक्षिणेच्या महासागरात उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालून अकस्मात किनाऱ्यावर चढतात. हैदराबादची इंकॉइस ही संस्था त्याची पूर्वसूचना देते. ती सूचना रोज सकाळी पाहावयाची, हे काम युवकसंघाच्या चिटणीस मुलीवर सोपविले आहे. शांत पाणी म्हणजे सुरक्षित पाणी, अशी आमची एके काळी समजूत होती. वेलांकनीलाही २६ डिसेंबर २००४ चा तो रविवार उजळ आणि शांतच उगवला होता. त्सुनामीने तेथे वाळूवर असलेल्या यात्रेकरूंना परत जाऊ दिले नाही.

हे सारे लिहून झाल्यावर आम्ही प्रत्येक मुक्कामाच्या धर्मग्रामातील धर्मगुरूंना एकेक पत्र पाठविले. खोल्यांची चौकशी त्यात शेवटी होती. आधी हे विचारले होते: आपल्या गावच्या मंडळींना आम्ही कोणत्या वेळी आलेले चालेल? होड्या लागतात तो भाग कोणता, जेथे आम्ही जाऊ नये? पाण्यात मुलांना कोठपर्यंत नेता येईल, आणि त्या वेळी गावचा कोणी जाणता माणूस सोबत उभा राहील का? त्याच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीची तजवीज आमच्या खर्चात धरली आहे.

पहिले उत्तर आले आहे. तमिळ किनाऱ्यावरील एका वयस्क धर्मगुरूंचे. त्यांनी लिहिले आहे की मुलांना सकाळी आणा, आमचे दोन मच्छीमार त्यांच्यासोबत पाण्यात उभे राहतील, पैशांचे पाहू नका, दुपारी त्यांच्याच घरी जेवावे लागेल.

ते पत्र आम्ही त्या गृहस्थास वाचावयास दिले. त्याने ते दोनदा वाचले, घडी घालून परत केले आणि विचारले, "फादर, त्या सकाळी मीही पाण्यात उतरलो तर चालेल का?"

त्याचे नाव यादीत होतेच. आम्ही त्याच्या नावाखाली आमचेही नाव लिहिले.