भक्ष्याचा सांभाळ

जीव सांभाळण्याची क्रियापदे मराठीत पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यातले भेद बोलताना आपण सहसा चुकवत नाही. कुत्रा आपण पाळतो, आश्रित पोसतो, लेकरू वाढवतो, गुरे राखतो. 'जगवणे' हे क्रियापद मात्र या सर्वांहून वेगळे आहे. मरण समोर उभे असते तेव्हाच ते ओठांवर येते. मराठवाड्यात तर ते दुष्काळाचेच क्रियापद म्हणावे लागेल. इथे मोसंबीच्या बागा टँकरच्या पाण्यावर जगवल्या जातात. २०१३ आणि २०१९ साली माणसांनी चारा छावण्यांत मुक्काम ठोकून गुरे जगवली. जगवण्यात माया असतेच असे नाही, पण लक्ष असावे लागते, आणि ते एक दिवसही काढून घेता येत नाही.

आमच्या घरात हे क्रियापद आले ते एका सरड्यामागून. छत्रपती संभाजीनगरातल्या (म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादेतल्या) आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात गेली तीन वर्षे एक 'बिअर्डेड ड्रॅगन' राहतो. मूळ ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील कोरड्या प्रदेशातली ही जात. आमचा मात्र बंदिवासातच जन्मलेला. आपल्या मातीतली घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. ती घरात ठेवणे हा गुन्हा आहे आणि तो तसा असावा हेच योग्य. या परदेशी पाहुण्याचे सारे जग चार फूट काचेचे. सरड्याची धाव कुंपणापर्यंत ही म्हण आमच्याकडे काचेपर्यंत येऊन थांबली आहे. तो शेवग्याचा पाला खातो, भोपळ्याचा कीस खातो, आणि आठवड्यातून दोन-तीनदा त्याला जिवंत किडे लागतात. या लेखाचा विषय तो सरडा नसून ते किडे आहेत.

या किड्यांना व्यापारात 'फीडर' म्हणतात. त्या एका शब्दात त्यांचे सारे आयुष्य एका उपयोगापुरते आटोपले आहे. मराठीत नेमका प्रतिशब्द शोधू गेलो तर हाती काही लागत नाही. 'चारा' म्हणावे तर चारा हालचाल करीत नाही. 'आमिष' जिवंत असू शकते, पण गळाला लागण्यापूर्वी त्याला कोणी महिनाभर खाऊपिऊ घालत नाही. 'भक्ष्य' हा शब्द खाणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहतो. खाल्ले जाण्याआधीच्या दिवसांविषयी तो काहीच बोलत नाही. मारुती चितमपल्ली यांनी पक्षिकोश आणि प्राणिकोश रचून रानातल्या जिवांची नावे मराठीच्या हवाली केली. पण खाद्य म्हणून घरात सांभाळलेल्या जिवाला नाव देण्याची वेळ या भाषेवर बहुधा आलीच नव्हती.

रातकिडे जगवणे हे सरडा पाळण्याहून अवघड आहे, हे पहिल्या महिन्यातच ध्यानात येते. पुण्याहून रात्रीच्या बसने खोके येते. त्यातला जथा जाळीच्या झाकणाच्या पेटीत सोडायचा. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावायचे, कारण लपायला जागा नसेल तर ते एकमेकांना खातात, आणि नुकतीच कात टाकलेला, अंगाने मऊ असलेला किडा तर हमखास खाल्ला जातो. पाण्याची वाटी ठेवली की ते बुडून मरतात, म्हणून ओला कापूस किंवा गाजराचा काप द्यायचा. ओल वाढली तर बुरशी येते, विष्ठेचा उग्र दर्प कोंडतो आणि पेटीच्या पेटी जाते. ओल कमी पडली तरी जातेच. तीसएक अंश तापमान त्यांना मानवते. आमच्या शहराचा मे महिना चाळिशीच्या वर जातो आणि पौषातली रात्र दहाच्या आसपास उतरते, म्हणजे दोन्ही टोकांना पेटीची जागा बदलावी लागते. आजाराचे भय तर मोठमोठ्या संवर्धकांनाही सुटलेले नाही. रातकिड्यांच्या एका विषाणूने २००२ च्या सुमारास युरोपातली आणि २०१० च्या सुमारास उत्तर अमेरिकेतली संवर्धन केंद्रेच्या केंद्रे ओस पाडली होती.

यात एक गमतीची विसंगती आहे. घरातल्या गव्हात कडुनिंबाचा वाळका पाला असतो, डाळींना एरंडेलाचे बोट लागलेले असते, तांदळात बोरिक पावडर असते. कीड लागू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चाललेला हा खटाटोप. त्याच फळीवर आता गव्हाच्या कोंड्याचा एक डबा आहे, ज्यात कीड मरू नये म्हणून आम्ही दक्ष असतो. त्यात 'मीलवर्म' नावाच्या पिवळसर अळ्या वाढतात. त्या एका काळ्या भुंगेऱ्याची पिलावळ, धान्यातल्या टोक्यांच्या दूरच्या नातलग. डासांची उदबत्ती घरातून गेली, झुरळांचा खडू गेला. बाजारची मेथी-कोथिंबीर पुन्हा पुन्हा धुऊन मगच पेटीत जाते, कारण फवारणीचा अंश राहिला तर सकाळी पेटी निपचित आढळते. हीच जुडी आपल्याही ताटात असते, हा विचार मग टाळता येत नाही.

खरा प्रश्न विचारला तो आईने. तिचे बालपण पैठण तालुक्यातले. १९७२ चा दुष्काळ तिने पाहिलेला आहे. ती आजही मुंग्यांच्या वारुळाशी साखर घालते आणि आषाढीपासून कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण वर्ज्य करते. सरड्याशी तिचे वैर नाही, पण त्याच्या जेवणाच्या वेळी ती त्या खोलीत थांबत नाही. एकादशीला त्याला पाल्यावर ठेवायचे, एवढी एकच अट तिने घातली. मोठ्या सरड्याला रोज किडे लागत नाहीत, त्यामुळे ती पाळणे कठीण गेले नाही. एकदा पेटीसाठी गाजर चिरताना पाहून ती म्हणाली, "मरायचंच आहे ना त्यांना, मग गाजर कशाला?"

आम्ही शास्त्र सांगितले. रातकिड्याच्या शरीरात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी अधिक असते. नुसत्या उपाशी किड्यांवर सरडा वाढवला तर त्याची हाडे ठिसूळ होतात, जबडा रबरासारखा मऊ पडतो. म्हणून भरवण्याआधी दिवस-दोन दिवस किड्यांना सकस खाऊ घालायचे आणि वरून कॅल्शियमची भुकटी लावायची. किड्याच्या पोटात जे जाते तेच सरड्याच्या पोटात पोचते. आईने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे गाजर सरड्यालाच."

या वाक्याला उत्तर नव्हते. किड्याची उत्तम बडदास्त आम्ही ठेवत होतो, पण त्यातला एकही घास किड्यासाठी नव्हता. मग ज्याला सांभाळ म्हणायचे तो हाच काय? की कोठीतला माल खराब होऊ नये म्हणून घेतलेली ही काळजी?

या प्रश्नाचे एक मोठे रूप आमच्या परिसरातच उभे आहे. जालना, बीड, संभाजीनगर या पट्ट्यात आता तुतीची शेते दिसतात. जालन्यात २०१८ साली रेशीम कोषांची बाजारपेठही सुरू झाली. अंडीपुंजातून निघालेली अळी चार वेळा कात टाकते, साडेतीन-चार आठवडे तुतीच्या पाल्याशिवाय कशालाही तोंड लावत नाही, आणि त्या काळात शेतकरी कुटुंबाला गाव सोडता येत नाही. शेडमध्ये शिरण्याआधी पाय निर्जंतुक करायचे, फवारलेल्या कपाशीचे वारे येणार नाही अशी शेडची जागा निवडायची. एवढे करून कोष तयार झाला की आतला जीव वाफेने वा उष्ण हवेने मारला जातो, तेव्हाच सुमारे किलोमीटरभर लांबीचा धागा अखंड निघतो. शासकीय पुस्तिकांत या उद्योगाला 'कीटक संगोपन' म्हणतात; बालकांसाठीही आपण हाच शब्द योजतो. पैठणीच्या पदरामागे हे संगोपन आहे. फरक इतकाच की शेतकरी कोष विकतो आणि शेवट दुसरीकडे होतो. आमच्याकडे तो डोळ्यांसमोर होतो.

हा प्रश्न शब्दांचा खेळ राहिला नाही, तो गेल्या हिवाळ्यात. डिसेंबरच्या मध्यावर सरड्याने खाणे सोडले. थंडीत या जातीला शीतनिद्रेसारखी सुस्ती येते. वजन उतरत नसेल तर चिंतेचे कारण नसते. तो दगडाखाली डोळे मिटून पडला आणि पेटीत पन्नास-साठ रातकिडे उरले, ज्यांचा आता कोणाला काही उपयोग नव्हता. संवर्धन केंद्रातले किडे बाहेर सोडणे योग्य नव्हे. त्यांच्याबरोबर रोगही रानात जाऊ शकतो. थंड कपाटात ठेवून संपवणे हा रूढ मार्ग. तिसरा मार्ग, काही कारण नसताना जगवणे.

कोणी काही ठरवले नाही. दुसऱ्या दिवशी पेटीत गाजराचे काप दिसले. ते आईने घातले होते. "आता त्यांचं गाजर," एवढेच ती म्हणाली.

पुढचे दीड-दोन महिने घरात रातकिडे गायले. गातो तो नर. पुढच्या पंखांच्या कडा एकमेकींवर घासून तो मादीला साद घालतो. थंडीत ही लय मंदावते. एमॉस डॉलबेअर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १८९७ साली किरकिरीच्या वेगावरून तापमान काढण्याचे सूत्रच मांडले होते. चीनमध्ये शतकानुशतके याच गाण्यासाठी आणि झुंजीसाठी रातकिडे पाळले गेले. तेराव्या शतकातला सोंग दरबारचा मंत्री ज्या सुदाओ याच्या नावावर तर त्यांच्या निगेचा ग्रंथ आहे. तिथे रातकिडा हाच पाळीव जीव. त्याला दुसऱ्या कोणासाठी जगायचे नव्हते. आमच्या पेटीतले किडेही त्या आठवड्यांत तसेच जगले. प्रौढ रातकिड्याचे आयुष्य जेमतेम दोन महिन्यांचे. पाय गळू लागले, उड्या थांबल्या, आणि बहुतेक किडे म्हातारपणाने मेले. फेब्रुवारीत सरड्याने डोळे उघडले तेव्हा नवे खोके मागवावे लागले.

किड्याला वेदना होते का, याचे निर्णायक उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. २०२४ साली न्यूयॉर्क येथे अनेक वैज्ञानिक आणि तत्त्वज्ञांनी काढलेल्या जाहीरनाम्यात कीटकांनाही जाणिवेची अनुभूती असण्याची वास्तविक शक्यता मान्य करण्यात आली, आणि शक्यता असेल तर ती निर्णय घेताना डावलू नये, असेही म्हटले गेले. गुजरातेतील काही जुन्या पांजरपोळांत किड्यामुंग्यांसाठी वेगळी खोली असे. तिथे हा प्रश्न विज्ञानाची वाट न पाहताच सुटलेला होता. आमच्याने तो तसा सुटणार नाही. सरडा घरात आहे तोवर त्याला किडे लागतील, आणि ते आम्हीच देणार आहोत.

परंतु शेवट ठरलेला आहे म्हणून मधले दिवस शेवटाच्याच मालकीचे होतात, हे आम्हांला आता मान्य नाही. छावणीतल्या गुराचे पुढे काय होणार हे ठाऊक असो वा नसो, त्या दिवशीची पेंढी त्याचीच असते. पेटीत ओल आहे का, पुठ्ठे कोरडे आहेत का, हे झोपण्यापूर्वी घरातले कोणी ना कोणी पाहून येते. त्यात सरड्याचा हिशेब असतो. आणि थोडा नसतोही.