पातेरा

ऑक्टोबर आला की आमच्या न्यू जर्सीतली मंडळी फॉल कलर्स बघायला गाड्या काढून डोंगरात जातात. परत येऊन बघतात तर तेच सगळे रंग स्वतःच्या अंगणात पडलेले! फोटोत पानं फार छान दिसतात हो, पण उचलायची कुणी?

आमच्याकडे दोन मेपल आणि एक ओक. मेपल एकदाचे झडून मोकळे होतात. ओक मात्र चिवट, थँक्सगिव्हिंग उलटलं तरी पानं सोडत नाही. घर घेतलं त्या वर्षी मी उत्साहाने एका शनिवारात सगळं अंगण साफ केलं आणि रविवारी बिछान्यातून उठताच येईना.

पुढच्या वर्षी अण्णा आले. कोकणात जन्म गेलेला, भाजावळीसाठी रानातून पातेरा गोळा करणारा माणूस. मी मात्र सारखं, "तुम्ही बसा, मी करतो." एकदा पाऊस पडून गेल्यावर बघतो तर अण्णा हातात रेक घेऊन पायऱ्यांवर. ओली पानं म्हणजे शेवाळंच. पाय सटकला, कठडा हाती लागला म्हणून वाचले. मी घाबरून नको तेवढा ओरडलो. दोन दिवस अण्णा खिडकीशी बसून होते. न बोलता.

शनिवारी ऊन पडलं, पानं सुकली. मी रेक त्यांच्यापुढे धरला. "अण्णा, दाखवा ना कसं करायचं."

"हे दाताळं तुझ्या उंचीला आखूड आहे, म्हणून तू वाकतोस," पहिलं वाक्य! मग एकेक धडा. ताठ उभं राहायचं, दाताळं अंगाजवळ ओढायचं. कंबर पिळायची नाही, पाय वळवायचे. थोड्या वेळाने हात बदलायचा. वारा पाठीशी घ्यायचा. आणि ढीग उचलायचा नाहीच. जुनी चादर पसरायची, पानं तिच्यावर ओढायची, चादर फरफटत न्यायची. अर्ध्या तासाने चहा. माझ्या कमरेने हूं की चूं केलं नाही.

शेवटी म्हणाले, "आता काडी लाव." इथे पाला जाळायला बंदी आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. मग आम्ही उरलेल्या पानांवरून मोअर फिरवला आणि चुरा गुलाबांच्या बुडाशी घातला. "मातीचं मातीला मिळालं," म्हणाले. त्या रात्री पोळी एक जास्त खाल्ली.

आता अण्णांचे गुडघे इतका लांबचा प्रवास करू देत नाहीत. काल फोनवर सांगितलं, उद्या पानं काढणार.

"पाऊस झालाय का तिकडे?"

"हो, आजच."

"मग उद्या नको. सुकू दे. घाई कसली?"

आज रविवार. चादर घडी घालून गराजमध्ये ठेवली आहे. मी खिडकीशी बसून पानं सुकायची वाट बघतोय.