चेक ‘अहोय’ म्हणजे आपलं ‘अहो’ नव्हे!

चेक प्रजासत्ताकात फिरायला जायचा बेत आखताय? मग प्रागमधल्या चार्ल्स पुलावर फोटो काढण्याआधी दोन शब्द पाठ करा : ‘दोब्री देन’ आणि ‘अहोय’. दोन्ही नमस्कारच, पण एकाच्या जागी दुसरा वापरलात तर घोटाळा होतो.

अनोळखी माणसाला ‘दोब्री देन’

याचा अर्थ ‘शुभ दिवस’. यातला ‘देन’ आणि आपला ‘दिन’ एकाच कुळातले. दुकानात, लिफ्टमध्ये, रेल्वेच्या डब्यात शिरताना हे म्हणायचंच. काही न बोलता थेट वस्तू मागणं उद्धटपणाचं वाटतं. निघताना म्हणा, ‘ना स्ख्लेदानोउ’, म्हणजे पुन्हा भेटू. संध्याकाळी ‘दोब्री वेचेर’ म्हणतात.

जवळच्यांना ‘अहोय’

ऐकायला आपल्या ‘अहो’सारखं, पण नेमकं उलट! ‘अहोय’ मित्रांसाठी, लहान मुलांसाठी, घरच्यांसाठी. भेटतानाही हेच आणि निरोप घेतानाही हेच. अनोळखी आजोबांना ‘अहोय’ म्हणणं म्हणजे त्यांना थेट अरे-तुरे करणं.

तू की तुम्ही?

चेकमध्ये ‘ती’ म्हणजे तू आणि ‘वी’ म्हणजे तुम्ही. आपल्या ‘अरे-तुरे’ आणि ‘अहो-जाहो’ करण्याला त्यांच्याकडेही ‘तिकात’ आणि ‘विकात’ अशी खास क्रियापदं आहेत. ‘आता तू म्हण’ असं कोणी सुचवायचं, याचाही रिवाज आहे. वयाने मोठ्या व्यक्तीने लहानाला, स्त्रीने पुरुषाला, वरिष्ठाने कनिष्ठाला. तोपर्यंत तुम्ही ‘वी’वरच थांबा.

ओळख करून देताना

हात मिळवा, डोळ्यांत पाहा आणि म्हणा, ‘मेनुयु से...’ आणि पुढे तुमचं नाव. मग ‘सेम झ इंदिये’, म्हणजे मी भारतातून आले किंवा आलोय. शेवटी ‘त्येशी म्न्ये’, भेटून आनंद झाला. प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जोर द्या.

समोरच्याला हाक मारताना नावाचं रूप बदलतं, जसं आपण ‘देव’चं ‘देवा’ करतो. श्रीयुत नोवाक यांना ‘पाने नोवाकू’ म्हणतात. त्यांच्या पत्नीचं आडनाव बहुधा ‘नोवाकोव्हा’ असतं. मात्र 2022 पासून ‘ओव्हा’ लावायचं की नाही, हे स्त्रिया स्वतः ठरवू शकतात. म्हणून आडनावाचा अंदाज बांधू नका, त्या सांगतील तेच म्हणा.

उच्चार थोडा चुकला तरी चालेल. मान कोणाला आणि सलगी कोणाशी, हे मराठी माणसाला कुठे शिकवावं लागतं? फक्त ‘अहोय’ म्हणण्याआधी क्षणभर थांबा, एवढंच.