गढूळ झालं म्हणजे जमलं

विषय ऐकूनच मी खूश झाले होते: वनस्पतींपासून द्रव-स्फटिकी पॉलिएस्टर. प्रत्यक्षात पुढ्यात आल्या भुकट्यांच्या बरण्या. एकीत व्हॅनिलिक आम्ल. लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन काढायचं आणि त्याचं ऑक्सिडीकरण करायचं, की हे मिळतं. दुसरीत फ्रुक्टोजपासून बनणारं फ्युरान-डायकार्बॉक्झिलिक आम्ल. तिसरं हायड्रोक्विनोन मात्र खनिज तेलातलंच, त्यामुळे ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सगळं फ्लास्कमध्ये घालून, ॲसेटिक ॲनहायड्राइड ओतून, नायट्रोजनखाली तापवत न्यायचं. साखळ्या जुळू लागल्या की ॲसेटिक ॲसिड बाहेर पडतं. व्हॅनिलाचा गंध राहिला बाजूला, नाकात व्हिनेगरचा भपकारा. साखळी वाढली की रस घट्ट होणार, एवढं मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण काचेसारखा नितळ रस एकाएकी मोत्यासारखा गढूळला आणि ढवळणीचा टॉर्क चढायचा सोडून उतरला.

‘‘ताई, बिघडलं!’’

‘‘अगं, आत्ताच तर जमलं,’’ सीनियर ताई म्हणाली.

काड्यांसारखे ताठ रेणू वितळल्यावरही एका दिशेनं ओळीत लागतात. ओळीतले रेणू एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून रस पातळ. या ओळींच्या दिशा जागोजागी बदलतात आणि प्रकाश विखुरतो, म्हणून गढूळ. ताईनं काचेची कांडी बुडवून वर ओढली, तर रेशमासारखा चकाकता धागा आला. गार झाल्यावर मी तो मोडून पाहिला: तुकडा पडण्याऐवजी बांबूसारखा उभा चिरला.

प्रागमधल्या फ्रीडरिश राइनित्झरनं १८८८ मध्ये असाच गढूळ रस पाहिला होता. त्याचा पदार्थ १४५.५ अंशांना वितळायचा, पण नितळ व्हायला १७८.५ अंश लागायचे. तोही मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ, गाजरातलं कोलेस्टेरॉल तपासत बसलेला!

खरी गंमत वाकडेपणाची. रेणू अगदी सरळ असले तर ते इतके घट्ट रचले जातात की वितळण्याआधीच जळतात. नुसत्या पॅरा-हायड्रॉक्सिबेंझोइक आम्लाच्या पॉलिमरचं तेच होतं. म्हणून ‘वेक्ट्रा’ या बाजारातल्या प्लास्टिकमध्ये मुद्दाम हायड्रॉक्सिनॅफ्थोइक आम्लाची खोड घातलेली असते. (तशाच रचनेच्या ‘वेक्ट्रान’ धाग्याच्या एअरबॅगवर १९९७ मध्ये ‘मार्स पाथफाइंडर’ मंगळावर आदळत उतरलं.) वनस्पतींच्या रेणूंत ही खोड जन्मजात. व्हॅनिलिक आम्लाच्या बगलेत मेथॉक्सी गट अडून बसतो, आणि फ्युरानचं कडं तर मुळातच वाकडं.

पण हेच फ्युरान उष्णतेला कच्चं. जास्त तापलं की कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि रस तपकिरी होतो. तापमान उतरवावं म्हणून व्हॅनिलिक आम्लाचं प्रमाण वाढवत जावं, तर एका टप्प्यानंतर ओळच मोडते आणि रस पुन्हा नितळ. पूर्वी नितळ रस दिसला की मला बरं वाटायचं, आता पोटात गोळा येतो. पुढच्या बॅचचं वजन करून ठेवलंय. या वेळी व्हॅनिलिक थोडं कमी.