पोटावरची पिशवी

उमरीहून देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला, टाटा हॉस्पिटलात निघालेल्या माणसाच्या मनात कॅन्सरची धास्ती असते. गुदद्वार काढून, आतड्याचं तोंड पोटावर आणून पिशवी लावली की परतीच्या गाडीत धास्ती वेगळीच असते. वास आला तर? पंगतीत आवाज झाला तर?

*

पोटावरच्या त्या तोंडाला डॉक्टर स्टोमा म्हणतात. ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल, ओलसर. हात लावला तरी तो दुखत नाही. तिथे वेदना कळवणाऱ्या नसाच नाहीत. हे पेशंटला कुणी नीट सांगत नाही, म्हणून माणसं महिनोन् महिने मान फिरवून बसतात आणि पिशवी सून किंवा बायको बदलते. माझं ठाम मत आहे, मन सावरतं ते स्वतःच्या हाताने. कातडी कोमट पाण्याने धुवायची, कोरडी टिपायची, स्टोमाचं माप घेऊन पिशवीच्या चिकट चकतीला भोक कापायचं, ती चिकटवून तळव्याने दाबून धरायचं. अंगाची ऊब लागली की चिकट थर धरतो. पहिले सहा-आठ आठवडे स्टोमाची सूज उतरत जाते, माप बदलतं. जुन्याच मापाने कापलं तर भोक मोठं पडतं, मळ कातडीला लागून ती सोलवटते. मे महिन्यात उमरीच्या घामाने चकती लवकर सुटते, तेव्हा जादा पिशवी जवळ हवीच. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. एवढं जमलं की माणूस आपण होऊन बाजारात जायला लागतो.

*

1954 साली डेन्मार्कमध्ये थोरा नावाची बाई अशा ऑपरेशननंतर घराबाहेर पडेना. तिची बहीण एलिसे सोरेनसेन नर्स होती. कातडीला चिकटणारी, वापरून टाकून द्यायची पिशवी तिला सुचली ती बहिणीपायी.

1958 साली अमेरिकेत डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये नॉर्मा गिल यांना कामावर घेतलं. नॉर्मा यांना स्वतःला स्टोमा होता. पेशंटला धीर असाच माणूस देऊ शकतो. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया हेच काम करते.

*

पिशवी आहे म्हणून देवघरात पाऊल न टाकणारी माणसं आहेत. ऐकून जीव तुटतो. त्यांना विटाळ कुणी लावलेला नसतो, तो त्यांनीच मनाला लावून घेतलेला असतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी हाताला धरून त्यांना आत न्यावं.

*

2016 च्या दिव्यांग कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. स्टोमा त्यांत नाही. पिशव्यांचा खर्च मात्र जन्माचा.

*

ऑपरेशन ठरलं असेल तर एक कराच. स्टोमाची जागा आधी आखून घ्या. पेशंटला झोपवून, बसवून, उभं करून. परकराची नाडी, धोतराची गाठ कुठे येते ते डॉक्टरांना दाखवा. आणि पिशवी लावून शेतात जाणारा कुणी माहीत असेल, तर ऑपरेशनच्या आधी त्याची भेट घालून द्या.