आडोसा

वाड्याची वाटणी झाली तेव्हा परसात भिंत घालावी की कुंपण, यावर दोन्ही घरांत बराच खल झाला. भिंत घालण्यात संकोच होता आणि काहीच न घालण्यात अडचण. पलीकडच्या काकू म्हणाल्या, "भिंत नको रे. झाडांतून निदान हाक तरी ऐकू येते." मग मेंदी लावायचे ठरले.

व्हिटमनने १८६५ साली लिंकनच्या मृत्यूवर लिहिलेल्या शोककाव्यात दारचा लिलॅक आहे. त्या झाडाचे आम्हांला फार आकर्षण. परंतु त्याला फुलण्यासाठी कडक थंडी लागते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या नागपुरात त्याचा निभाव कसा लागावा? मेंदी मात्र ऊन सोसते. आषाढात वीतभर लांबीच्या फांद्या आम्ही फूटभर अंतराने, दोन ओळींत रोवल्या. जीव धरलेले रोप कापणे जिवावर येई. पण शेंडा खुडल्याखेरीज बुंध्याशी फुटवा येत नाही, आणि फुटवा नसला की कुंपण खालून उघडे राहते.

'प्रायव्हसी'ला मराठी शब्द शोधू जाता 'खासगी' हाती लागतो. मराठेशाहीत खासगी म्हणजे राजघराण्याची स्वतःची मिळकत व तिचा कारभार. होळकरांची खासगी प्रसिद्धच आहे. ज्या भोसल्यांच्या राजवाड्यावरून आमच्या वस्तीला महाल हे नाव मिळाले, त्या राजवाड्याला खासगी शोभत असे. सामान्यांच्या वाट्याला आला तो आडोसा. आडोसा दृष्टी अडवतो, पलीकडे माणूस आहे हे मात्र विसरू देत नाही.

वाटणीत पारिजातक आमच्या बाजूला आला होता. (वनस्पतिशास्त्र त्याला आणि लिलॅकला एकाच कुळातले मानते.) काकू पहाटे देवासाठी फुले वेचायला येत, म्हणून कुंपणात हातभर जागा मोकळी ठेवली होती. पुढे आम्हां उभयतांना त्या पहाटेच्या येण्याचा संकोच वाटू लागला. आम्ही तसे कधी बोललो नाही. एका पावसाळ्यात त्या जागी मेंदीच्या दोन फांद्या रोवल्या, एवढेच.

काकूही काही बोलल्या नाहीत. समोरच्या दाराने त्या येऊ शकल्या असत्या, आल्या नाहीत. त्या वर्षी अश्विनात पारिजातकाचा सडा उन्हे वर येईपर्यंत तसाच पडून राही. पुढच्या वर्षी काकू गेल्या.

लिनियसने १७५३ साली मेंदीला 'लॉसोनिया इनर्मिस' असे नाव दिले. इनर्मिस म्हणजे निःशस्त्र. कोवळ्या मेंदीला ते शोभते. जून फांद्यांची टोके मात्र काट्यांसारखी होतात. ती दोन झाडे आता जून झाली आहेत. छाटताना हाताला ओरखडे येतात.

ती काढून टाकावीत, असे आम्ही दर पावसाळ्यात एकमेकांना म्हणतो. अजून काढलेली नाहीत. त्या वाटेने येणारे आता कोणी उरले नाही म्हणून, की आडोशाची आम्हांला सवय झाली म्हणून, याचा निर्णय होत नाही.